आयरिश सासरचे सारख्या शिव्या देतात आणि उच्चारही कळत नाहीत, जमवून कसं घ्यायचं?

लग्न ठरलंय, होणारा नवरा आयरिश, त्याच्या घरी वाक्यागणिक शिवी आणि निम्मं बोलणं डोक्यावरून जातं, असं तुम्ही लिहिलंय. माझी बायको आयर्लंडमधल्या कॉर्कची आणि मी कोल्हापूरचा, त्यामुळे शिव्यांच्या बाबतीत मी काही कोरा गेलो नव्हतो. तरी स्पष्ट सांगतो, तिकडे शिवी खाल्लीत तर काळजी करू नका, फार गोड बोलायला लागले तर करा.

सुरुवातीला सासरे माझ्याशी इतके अदबीने वागायचे की मलाच घाम फुटायचा. चहा घेणार का, थंडी वाजत नाही ना, सगळं ग्रँड ना. स्वतःच्या पोराला मात्र ईजिट, गॉबशाइट, तोंडाला येईल ते. मग लग्नाच्या आठवड्यात टीव्हीवर हर्लिंगची, म्हणजे त्यांच्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच लागलेली, कॉर्क विरुद्ध लिमरिक, आणि मी मुद्दाम म्हटलं की लिमरिकवाले भारी खेळतायत. सासरे वळले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, 'शट अप, यू लँगर,' म्हणजे गप रे मूर्खा. मेहुणा हसून सोफ्यावरून पडायचाच बाकी होता. मला तर एकदम मोकळं वाटलं.

पण शेजारी आमची पुण्याची मावशी बसलेली, मांडीवर केकची प्लेट घेऊन. तिने माझ्या बायकोला विचारलं काय म्हणाले, आणि ही सरळमार्गी बाई, तिने तो शब्द मुळात कुठल्या अवयवासाठी आहे ते सांगून टाकलं. मावशीने प्लेट टीपॉयवर ठेवली ती परत उचलली नाही. जावयाला? भर बैठकीत? आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला ताटात 33 अनारसे वाढून देतात आणि इथे हे! तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर कुणाचंही लग्न ठरलं की ती 'घराणं शिवराळ नाही ना बघा' असं टाकते. रोख कुणावर ते सगळ्यांना कळतं.

तर मावशी, तूही वाचत असशील तर वाच. 2009 च्या डिसेंबरात डॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, पॉल गोगार्टी नावाच्या खासदाराने विरोधी सदस्याला भर सभागृहात एफवाली शिवी हासडली, आधी 'असंसदीय भाषेत सांगतो' अशी प्रस्तावना करून, आणि लगेच माफीही मागितली. मग लक्षात आलं की असंसदीय शब्दांच्या यादीत ती शिवीच नाही! 'ब्रॅट', 'बफून', 'गटरस्नाइप' आहेत. म्हणजे तिकडे अपमान कशाने होतो याचा हिशोबच निराळा आहे. माझ्या सासूबाई दिवसभर 'फेक', म्हणजे त्याच एफवाल्या शिवीचं सौम्य रूप, म्हणतात, बटाटे सोलताना तर जपमाळच, पण मी एकदा येशूचं नाव उगाच घेतलं तर असे डोळे वटारले की बास. त्या स्वतः जीझस, मेरी अँड जोसेफ म्हणतात ते चालतं, ती म्हणे प्रार्थना असते.

उच्चारांचं म्हणाल तर सवय होते. कॉर्कवाले वर-खाली हेलात, गात असल्यासारखं बोलतात, थ्रीचं ट्री करतात, बॉयचं बाय करतात आणि वाक्याच्या शेवटी लाईक चिकटवतात. त्यांची नक्कल करायला जाऊ नका, परक्याने केलेली नक्कल कुणालाच आवडत नाही, कोल्हापुरात मुंबईकर 'काय भावा' म्हणतो तेव्हा आपल्याला होतं तसंच. 'युवर मॅन' म्हणाले तर तुमच्या नवऱ्याबद्दल असेलच असं नाही, कुणीही तो अमका माणूस असू शकतो. आणि कुणी 'आय विल, येह' म्हणालं तर ते काम होणार नाही असं समजून स्वतःच उठा.

आता हे सगळं कॉर्कचं झालं, तिकडे उत्तरेला डोनेगलला सासर असेल तर बोली पार वेगळी. शिवाय मी जावई, सुनेला तसंच वागवतील याची गॅरंटी मी देत नाही. पहिली शिवी आपण द्यायची नाही, त्यांची येऊ द्यायची. आणि रंगावरून किंवा देशावरून कुणी काही बोललं तर ती गंमत नव्हे, तिथे नवऱ्याने तोंड उघडलं पाहिजे, हे लग्नाआधीच त्याच्याशी बोलून घ्या.

फोनवर मात्र मला अजूनही सासऱ्यांचं निम्मं कळत नाही, मी सरळ व्हॉट्सॲप करा म्हणतो.