भाचीच्या आजारपणात मी गायब झाले, आता कोणत्या तोंडाने जाऊ?

पत्र लांब आहे म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारीच्या मोठ्या भावाच्या चार वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघालाय, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, दीड महिना झाला. पहिला आठवडा ही रोज फोन करायची. मग एक दिवस वहिनीला म्हणाली, "सगळं ठीक होईल, पॉझिटिव्ह राहा," आणि वहिनी ओरडली, "तुला काय जातंय बोलायला!" फोन कट. तेव्हापासून हिने ना फोन केला ना तिकडे गेली. विचारतेय, मावशी, आता कोणत्या तोंडाने जाऊ?

अगं, आहे त्याच तोंडाने जा, आणि याच आठवड्यात जा.

वहिनी तुझ्यावर ओरडली असं धरून बसलीयस ना, तसं नाहीये ते. त्या क्षणी समोर जो असता त्याला ते ऐकावं लागलं असतं, आणि समोर तू होतीस कारण फोन तू करत होतीस. लहान मुलांमध्ये हाच कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो आणि पूर्ण उपचार मिळाले तर बरं व्हायचं प्रमाणही चांगलं आहे, श्रीमंत देशांत तर दहातली नऊच्या आसपास मुलं वाचतात. हे वहिनीला डॉक्टरांनी पहिल्याच दिवसात सांगितलं असणार, तिने स्वतः पन्नास वेळा वाचलंही असेल. पण रात्री पोरीच्या उशाशी जागी असलेली आई नऊ मुलं मोजत नाही गं, ती दहाव्याचाच विचार करत असते. त्यात तू म्हणालीस सगळं ठीक होईल, म्हणजे तिने भीती बोलून दाखवायची जागाच उरली नाही.

आता मेसेज कर, छोटा. "मी घाबरले आणि गायब झाले, चुकलं माझं. उत्तर देऊ नकोस. गुरुवारी संध्याकाळी येऊन कपडे धुवायला नेते." बास. का घाबरलीस, तुला किती वाईट वाटलं, रात्री झोप लागत नाही, यातलं काही लिहू नकोस, कारण मग तुझी समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. रडायचंय तर नवऱ्याकडे रड, मला लिही, पण तिच्यापुढे नको.

कपडे का म्हणाले ते सांगते. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही तीन महिने हॉस्पिटलात काढले. "काही लागलं तर सांग" असं म्हणणारे खूप होते आणि मी एकालाही काही सांगितलं नाही, कारण काय लागतंय हे शोधायला पण डोकं लागतं आणि ते माझ्याकडे उरलं नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एक बाई, माझी त्यांची नीट ओळखही नव्हती, दर गुरुवारी सहाला यायच्या, मळक्या कपड्यांची पिशवी घ्यायच्या, शनिवारी धुऊन घड्या घालून आणून द्यायच्या. रिपोर्ट काय आला हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मुलाचा एक मोजा सापडत नव्हता तर त्यांनी उरलेला मोजा शर्टाला सेफ्टी पिन लावून अडकवून ठेवला होता, हरवू नये म्हणून, आणि तो बघून मी तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडले. माझी जवळची मैत्रीण मात्र आलीच नाही, वर्षभराने म्हणाली काय बोलावं सुचत नव्हतं. तिचा राग नाही आता, पण ती जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

म्हणून सांगते, एकच काम घे आणि ते सोडू नकोस. हे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात, पहिला महिना सगळे धावतात, मग सगळ्यांची आपापली कामं सुरू होतात, आणि खरी दमछाक तिथून पुढे असते. तुझे मधले आठवडे गेले त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, उशीर झालेला नाही.

पत्रात आठ वर्षांच्या भाच्याबद्दल एकच ओळ आहे, "तो आजीकडे आहे, शांत असतो." मला त्या ओळीची काळजी वाटली. या वयाच्या मुलांना बरेचदा वाटतं की मी तिच्याशी भांडलो, तिला ढकललं, म्हणून ती आजारी पडली. ते कोणाला सांगत नाहीत, नुसते शांत होतात. त्याला जवळ घेऊन सरळ सांग, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. एकदा सांगून भागणार नाही, परत परत सांगावं लागेल. आणि भेटलीस की पहिला प्रश्न बहिणीबद्दल नको, आज शाळेत काय झालं ते विचार. तुला दोन कामं झेपत असतील तर दुसरं हेच घे.

दादालाही विचार गं. बापाला सगळे विचारतात मुलगी कशी आहे, बायको कशी आहे, तू जेवलास का हे कोणी विचारत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर खबर द्यायचं काम तू घेतलंस तर त्याचा फोन तरी शांत होईल, पण काय सांगायचं ते तोच ठरवेल. मुलीचा फोटो मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही.

जाताना काही गोष्टी पाळ. कीमोमुळे तिच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे साधी सर्दी असली तरी जाऊ नकोस, फोन करून सांग, ते चुकवणं नाही. हात साबणाने धुऊनच जवळ जा. तुझ्या घरी कोणाला कांजिण्या आल्या आणि तू किंवा तुझी मुलं तिला भेटून गेलेली असाल तर लाजू नकोस, त्याच दिवशी कळव, वेळेत कळलं तर औषध देऊन धोका कमी करता येतो. कधी तिला सांभाळायला थांबलीस आणि ताप 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला तर थोडा वेळ बघू असं करायचं नाही, लगेच हॉस्पिटलला फोन. रक्तदात्यांची यादी करणार असशील तर सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नकोस, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, पाच-सात दिवसच टिकतात, त्यामुळे ब्लड बँकेला विचारून लोक पुढच्या महिन्यांत वाटून ठेव. सख्ख्या नात्यातल्यांनी तिच्यासाठी रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, जवळच्या नात्यातलं रक्त तसंच चढवणं धोक्याचं होऊ शकतं, त्यावर आधी रेडिएशनची प्रक्रिया करावी लागते.

आणि भाची. केस गेले असतील, स्टिरॉइडने गाल सुजले असतील, चिडचिड करेल, मध्येच भूक भूक करेल, ते औषधाचं आहे. दाराबाहेर एक मिनिट थांब, चेहरा सावर, मगच आत जा. तू लिहिलंयस ती तुला घोडा करायची. आता ते जमणार नाही तर बसल्या बसल्या घोड्याचा आवाज काढ, तिला आठवेल. दमली की उठ.

वहिनी बोलली तर बोल. नाही बोलली, नुसती पिशवी पुढे केली, तर पिशवी घे आणि ये. पुढच्या गुरुवारी परत जा.