डोक्यावरच्या लाथेची घाई नको

अरे, पहिल्याच आठवड्यात डोक्यावर लाथ मारायला निघालास? किकबॉक्सर मिर्को क्रोकॉपचे व्हिडिओ बघतोस ना, मग नीट बघ. आधी डाव्या पायाने बरगड्या शेकून तो समोरच्याचे हात खाली आणायचा, मग वर. मूळचा क्रोएशियातला पोलीस, के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेतून प्राइड या जपानी मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए) स्पर्धेत गेला, मध्ये खासदारकीही केली (कसं जमवलं कोण जाणे!). 2007 ला मँचेस्टरमध्ये गॅब्रिएल गोंझागा या ब्राझिलियन लढवय्याने त्यालाच डोक्यावर लाथ घालून आडवा केला. परतफेडीला 2015 उजाडलं.

तू सध्या टेकलेला पाय चवड्यावर वळवायला शीक. टाच समोरच्याकडे फिरली नाही की सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. माझा उजवा अजून जिना उतरताना कुरकुरतो. आणि नडगी कडक करायला तिच्यावर बाटली फिरवायचे उद्योग नकोत, लाथा मारायची टांगलेली जड बॅग पुरे.