ओढ्यात बीज सोडू नका, आधी मोरीखाली वाकून बघा

"शेतातून वाहणाऱ्या ओढ्यात लहानपणी भरपूर मासे होते, आता नावालाही नाहीत. गावठी मासे परत आणायचे तर बीज कुठून आणावं, किती पिशव्या सोडाव्यात आणि खर्च किती येईल?" असं तुम्ही विचारलंय.

बीज, म्हणजे माशांची विकतची पिल्लं, आणू नका. एक पिशवीही नको. ओढा नीट झाला आणि खालून वर यायला वाट मोकळी राहिली, तर मासे आपले आपण येतात. ओढा नीट नसेल तर तुम्ही ट्रकभर बीज ओता, पहिल्या पुरात ते खाली जाईल आणि उरलेलं उन्हाळ्यात बगळ्यांच्या पोटात.

इथंच थांबलो असतो. पण "किती पिशव्या" वाचलं आणि डोकं फिरलं, कारण आमच्या घरी दर गणपतीला याच पिशव्यांवरून वाजतं.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. आमचा ओढा पुढं मलप्रभेला मिळतो. दोन्ही अंगाला भात. मृगाचा पाऊस लागला की नदीतले मासे ओढ्यात आणि ओढ्यातले थेट भाताच्या खाचरात चढायचे, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. दांडई, खवली, शिंगटी, डोकऱ्या, दगडाला चिकटून बसणारा मल्या आणि आंब्याच्या मुळाखालच्या कोंडीत वांब. आई फडक्यात भरून आणायची. चढणीच्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी एवढ्यावर जूनचे पहिले दिवस निघायचे.

मग कुठल्याशा योजनेतून ओढा "सुधारायचं" निघालं. आमची जमीन वरच्या अंगाला, चुलतभावाची खालच्या. ओढा त्याच्या शेतात दोन वळणं घेऊन जायचा आणि ती वळणं त्याच्या डोळ्यांत खुपायची. ठेकेदार जेसीबी घेऊन आला. वळणं बुजवली, ओढा सरळ झाला, काठाची करंजं, उंबर, वाळुंज सगळं उपटून एका बाजूला ढीग. त्याला चार गुंठे जमीन जास्त मिळाली आणि बैलगाडीच्या वाटेला सिमेंटच्या पायपांची मोरीही मिळाली. मी विरोध केला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "पाणी सरळ गेलं की शेतात घुसत नाही, एवढं साधं कळेना व्हय तुला?"

साधं आहेच, पण उलटं. वळणं काढली की लांबी कमी होते, वरच्या-खालच्या टोकांतला उंचीचा फरक मात्र तेवढाच राहतो. तेवढंच पाणी कमी अंतरात तेवढंच खाली उतरायचं म्हणजे त्याचा वेग वाढतो. वेगाचं पाणी आधी तळ खरवडतं. रेती, गोटे सगळं घेऊन जातं. तळ खोल गेला की काठ उभे राहतात आणि मुळांनी धरून ठेवलेले नसल्यामुळं ढासळतात. हे मी 2019 च्या आधीपासून बोलत होतो. त्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम चढल्या, अख्खा बेळगाव जिल्हा पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर बघितलं तर चुलतभावाचे चार गुंठे गेले होते, वर आणखी थोडी जमीन गेली होती. मोरीचे पाईप जागेवर होते, पण त्यांच्याखालची माती वाहून गेल्यामुळं पाईपचं तोंड ओढ्याच्या तळापासून गुडघाभर उंच लोंबकळत होतं.

बहुतेक लोक याच लोंबकळत्या पाईपकडं बघत नाहीत. वळणं गेली, झाडं गेली, डोह गेले हे सगळं वाईटच. पण आमच्याकडचे मासे गेले ते मुख्यतः त्या गुडघाभर उंचीमुळं. मल्याला ओठांमागं चकतीसारखा भाग असतो, त्यानं तो ओल्या दगडाला चिकटत चिकटत चढतो. डोकऱ्या ओल्या गवतातून सरपटत जातो. पण हवेत लोंबकळणाऱ्या पाइपात उडी मारायला बोटभर दांडईला कुणी शिकवलेलं नाही. मासे उन्हाळ्यात खाली नदीच्या डोहात राहतात आणि पावसात अंडी घालायला वर येतात. वाट बंद झाली की वरच्या अंगाला दोन-तीन वर्षांत सगळं संपतं, मग तुमचं पाणी कितीही निवळशंख असो. म्हणून आधी ओढ्याच्या मुखापासून तुमच्या शेतापर्यंत चालत जा आणि प्रत्येक मोरी, प्रत्येक छोटा बंधारा, प्रत्येक पायरी खालच्या बाजूनं वाकून बघा. त्याशिवाय पुढचं काही करू नका.

मी मोरी फोडली नाही. फोडायला गेलो असतो तर भावकीत डोकी फुटली असती. पाईपच्या खालच्या अंगाला दगडांचा उतार घातला. हिशोब असा धरायचा: एक हात उंची चढवायची असेल तर वीस हात लांबीचा उतार. सगळ्यात खाली मोठे दगड अर्धे तळात पुरायचे, नाहीतर पहिला पूर सगळं उचलून नेतो. वर त्याहून लहान, फटी ठेवून, वेडेवाकडे. भिंतीसारखं रचायचं नाही आणि सिमेंट तर अजिबात नाही, कारण दगडाच्या मागं जी शांत जागा होते तिथं मासा दम घेतो. मधला भाग काठापेक्षा खोलगट ठेवायचा, म्हणजे पाणी कमी असतानाही एक तरी धार सलग राहते. दगड माझ्याच शेतातले, ट्रॅक्टर भाड्याचा. सुगी संपल्यावर, पाणी उतरल्यावर काम केलं. पावसाळ्यात ओढ्यात हात घालू नका, ते माशांचे अंडी घालायचे दिवस.

चुलतभाऊ रोज बांधावर उभा. "काय करूलास रे दगडं घालून? मोरी तुंबली तर पाणी कुणाच्या शेतात?" मोरी आजपर्यंत तुंबलेली नाही, हे इथं लिहून ठेवतो.

माझ्या हद्दीत दोन्ही काठांना दहा-दहा फूट नांगर बंद केला. त्याचा खर्च कुणी धरत नाही, पण तोच खरा खर्च. दहा फुटांचं भात दरवर्षी जातं. वाळुंजाच्या आणि निरगुडीच्या फांद्या पावसाच्या तोंडावर ओल्या काठात खोचल्या, त्या लागल्या. वाळा लावला, करंजाच्या बिया टोचल्या. उंबर पक्ष्यांनी आणलं. पाण्यातल्या खडकांत शेरणीची झुडपं होती ती काढू दिली नाहीत. जनावरांना पाण्यावर उतरायला एकच जागा ठेवली. बुजलेलं एक वळण माझ्या बाजूला थोडं उकरून दिलं, बाकीचं काम पाण्यानंच केलं: बाहेरच्या काठाला कोंड पडली, आतल्या काठाला रेती बसली. पडलेलं झाड ओढ्यात तसंच राहू दिलं. त्यावरूनही बोलणी खाल्ली, "ओढा स्वच्छ ठेव" म्हणून. स्वच्छ ओढा म्हणजे लोकांना गटार हवं असतं. पाला कुजतो, त्यावर किडे होतात, किड्यांवर मासे. सावलीनं पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त टिकतो. शाळेत शिकवलेलंच आहे सगळं.

त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात दांडई चढली. त्या दगडी उतारावरून चंदेरी रेघा वर सरकताना मी आणि आईनं छत्रीखाली उभं राहून बघितलं. मागून खवली आली, मल्या आला, डोकऱ्याची पिल्लं खाचरात दिसली. वांब पुढच्या वर्षी. तिला दगडाखाली, मुळाखाली दडायला जागा लागते. मरळ अजून नाही.

आता पिशवीचं. त्याच पावसात चुलतभावानं कुठूनतरी रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांची पिशवी आणून मोरीपाशी सोडली होती. तेव्हापासून गणपतीला पानं वाढली की हा सुरू: "मासे आले ते माझ्या पिशवीनं. दगडानं मासे येत असते तर गडावर आले असते." सगळे हसतात. मीही जेवताना जास्त बोलत नाही. म्हणून इथं बोलतो.

रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेच्या बाजूचे मासे. त्यांना अंडी घालायला मोठ्या नदीचा पूर, पसरलेलं पाणी लागतं. तळ्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणून तर 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात या माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हा देशभर मत्स्यशेतीला बीज मिळायला लागलं. आजही 10 जुलै मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. ज्या माशाला तळ्यात इंजेक्शन लागतं, तो आमच्या कमरेएवढ्या ओढ्यात संसार थाटणार? आणि थाटला असता तरी रोहूच्या पोटी दांडई जन्मत नाही. आमच्या ओढ्यात त्यानंतर एकही रोहू कुणाला दिसलेला नाही. मग पिशवीनं काय आलं? हे त्याला मी विचारलंय. उत्तर म्हणून त्यानं भजी मागून घेतली.

रोहू निदान मुकाट्यानं नाहीसा झाला. पिशवीत दुसरं काहीतरी मिसळून येतं ते वाईट. तिलापिया 1952 साली भारतात आणला आणि आता जिथं साचलं पाणी तिथं तो. आफ्रिकन मांगूर पाळायलाच बंदी आहे, तरी मिळतो. तो ओढ्यात गेला तर तुमचे सगळे गावठी मासे खाऊन मगच थांबेल. डासांसाठी गप्पी मासे सोडा म्हणून सांगतात, ते टाकीत ठीक. ओढ्यात डासांच्या अळ्या दांडई खाते.

"मग गावठी माशांचंच बीज आणतो" असं म्हणाल. तेही जपून. आमच्याच तालुक्यात कणकुंबीच्या रानात एका अंगाचं पाणी म्हादईतून अरबी समुद्राला जातं, दुसऱ्या अंगाचं मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला. गाडीनं काही मिनिटांचं अंतर, पण मासे वेगळे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी एक बोटभर मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी, 2020 मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. तीच हिरण्यकेशी आपल्या संकेश्वरावरून वाहते, तिथं ती नदी कशी दिसते ते बघून या. सांगायचं एवढंच की एकेका झऱ्याचा मासा वेगळा असू शकतो. इकडचं तिकडं करून आपण काय बिघडवतोय ते आपल्याला कळणारही नाही. फारच झालं, खालच्या अंगालाही मासा उरला नसेल, तर त्याच ओढ्याच्या दुसऱ्या फाट्यातून पावसाळ्यात थोडे आणावेत, तेही जाणत्या माणसाला विचारून.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ओढा बहुतेक वेळा तुमच्या मालकीचा नसतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खराब (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून लागलेला बघा. बी-खराब असेल तर ती सरकारी जागा. मोठं खोदकाम किंवा बंधारा करायचा तर पंचायतीत लेखी विचारा. वरच्या अंगाला कारखान्याचं किंवा गावाचं सांडपाणी येत असेल तर दगड घालून काही होणार नाही. बेळगावात बळ्ळारी नाल्याकाठच्या भातवाल्यांना विचारा. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका आणि कुणाला धुऊ देऊ नका. सायपरमेथ्रिनसारखं औषध माशाला अगदी थेंबाथेंबानं मारतं. आणि रामेठा, गेळफळ असली झाडपाल्याची विषं, ब्लिचिंग पावडर, करंट लावून मासे धरणारी पोरं तुमच्याही गावात असणारच. विष आणि सुरुंग लावून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे, पण कायदा दाखवून पोरं ऐकत नाहीत. मी त्यांच्यातल्या दोघांना दगड लावायला मजुरीवर घेतलं. आता ते दुसऱ्याला करंट लावू देत नाहीत. हा उपाय सगळीकडं चालेल असं नाही.

म्हादईचं पाणी कुणाचं यावर आमच्याकडं चहाच्या टपरीवर तासभर बोलतील, पण स्वतःच्या मोरीखाली वाकून बघणार नाहीत. हे चुलतभावाला उद्देशून आहे, तुम्हाला नाही.

मासे खायला हवे असतील तर शेततळं करा, त्यात रोहू खुशाल सोडा, फक्त सांडव्याला जाळी लावा म्हणजे ते ओढ्यात जाणार नाहीत. आणि तुमचा ओढा कुठल्या नदीला मिळतो, मधे किती मोऱ्या आहेत, उन्हाळ्यात कुठल्या महिन्यापर्यंत पाणी राहतं, हे प्रश्नात लिहिलेलंच नाही. ते लिहा, मग खर्चाचं काही सांगता येईल.