वरचा ‘एफ’ आत्ता मोजू नका

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. सहा वर्षे ती शास्त्रीय गायन शिकली आणि दीड वर्षापासून कॅम्पातील एका बाईंकडे पाश्चात्त्य गायन शिकते. तिचा आवाज ‘कोलोरातुरा सोप्रानो’ आहे, असे बाई म्हणतात. तिला बारावी सोडून ऑपेराकडे वळायचे आहे, तर तिचे वडील इंजिनिअरिंगवर ठाम आहेत. यात खरोखर करिअर होते का? शास्त्रीय गाणे आता बंद करावे का?
– एक आई, कोथरूड

सप्रेम नमस्कार,

आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण मी दोनदा ऐकले. मी गायनाचा परीक्षक नाही, तरी आवाजात चपळता आहे हे माझ्यासारख्यालाही जाणवले. मात्र हे गाणे मोबाइल तोंडाजवळ धरून, तयार साथीवर गायलेले आहे आणि ऑपेरात माइक नसतो. आपल्या संगीत नाटकांतील जुने नटही माइकशिवाय गात असत, पण त्यांची साथ मोजक्या वाद्यांची असे. ऑपेरात गायिकेचा आवाज पूर्ण ऑर्केस्ट्रावरून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. तेव्हा एखाद्या शाळेचे सभागृह तासभर मिळवून, केवळ पियानोच्या साथीने तिला गाऊ द्यावे आणि आपण अगदी मागच्या खुर्चीवर बसून ऐकावे.

आता ‘कोलोरातुरा’ या शब्दाविषयी. सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज आणि कोलोरातुरा म्हणजे त्यातला चपळ, धावत्या स्वरपंक्ती गाणारा प्रकार. मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातील रात्रीच्या राणीची भूमिका ही या आवाजाची कसोटी मानली जाते आणि ती वरच्या ‘एफ’पर्यंत जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर, काळी पाचच्या षड्जात गाणारी गायिका तार सप्तकात जो पंचम लावते, त्याच्याही एक सप्तक वरचा हा स्वर आहे. सोळा-सतराव्या वर्षी असा स्वर लागला म्हणजे आवाजाचा प्रकार ठरला, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक असले, तरी तो निष्कर्ष घाईचा होतो, कारण आवाज विशीनंतरही बरीच वर्षे बदलत आणि भरत राहतो. विख्यात ऑस्ट्रेलियन सोप्रानो जोन सदरलँड यांचेच उदाहरण पाहावे. त्यांचा आवाज जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतील भारदस्त भूमिकांचा आहे, असे आरंभी मानले जात होते. पुढे त्यांचे पती रिचर्ड बोनिंग यांनी त्यांना या चपळ, उंच गायकीकडे वळवले आणि १९५९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात त्या दोनिझेत्तीच्या ऑपेरातील नायिका ‘लुचिया’ म्हणून गाजल्या. त्याआधी कित्येक वर्षे त्या तेथेच लहानमोठ्या भूमिका करत होत्या. म्हणून, बाईंविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, हे लेबल तूर्त बाजूला ठेवावे.

याउलट तीन गोष्टी आत्ताच सुरू कराव्यात, कारण त्यांना उशीर झाला तर तो भरून काढणे फार जड जाते: नोटेशन पाहून थेट गाणे, कामापुरता पियानो आणि जर्मन भाषा. माझ्याकडे आलेली एक विद्यार्थिनी परदेशातील प्रवेश परीक्षेत गाण्याच्या फेरीत उत्तम ठरली आणि पुढच्या फेरीत, अनोळखी ओळी पाहून गाण्याची वेळ आली तेव्हा, अडखळली. सगळे कानाने शिकल्यामुळे कागदावरचे स्वर तिच्या गळ्यात उतरतच नव्हते. आपल्या कन्येचे शिक्षणही गुरुमुखातून झालेले असल्याने ही उणीव तिच्यातही असणार, असा माझा अंदाज आहे. जर्मनसाठी पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. इटालियन उच्चार पुढे शिकता येतील.

करिअर होते का, याचे उत्तर ‘होते, पण फार थोड्यांचे’ असे आहे. भारतात ऑपेरावर पूर्णवेळ उपजीविका होईल अशी व्यवस्था नाही. जर्मनीत मात्र सरकारी अनुदानावर चालणारी सुमारे ८० ऑपेरागृहे आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी गायकांना पगारी नेमणूक मिळते. अडचण अशी की उंच, हलक्या आवाजाच्या सोप्रानो जगभरात सर्वांत जास्त असल्याने स्पर्धाही तेथेच सर्वांत तीव्र आहे. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकून आंतरराष्ट्रीय गायिका झाल्या, म्हणजे वाट आहे. मात्र त्या वाटेवर पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि मग ऑडिशनांची काही वर्षे धरावी लागतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षणशुल्क नाही किंवा अल्प आहे, तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे साधारण १२ हजार युरो दाखवावे लागतात. हा आकडा तिच्या वडिलांसमोर स्पष्टपणे ठेवावा. बारावी सोडणे मला मुळीच मान्य नाही; परदेशी प्रवेशासाठीही शालेय प्रमाणपत्र लागते. बारावीनंतर इंजिनिअरिंगच घ्यावे असे नाही. रियाझाला रोज दोन तास उरतील अशी कोणतीही पदवी चालेल.

शास्त्रीय गाणे बंद करावे असे मला वाटत नाही. लय आणि सुराचा कान तिने तेथेच कमावला आहे आणि तानेची सवय असलेल्या गळ्याला कोलोरातुराच्या धावत्या स्वरपंक्ती परक्या वाटत नाहीत. मात्र दोन्हींत आवाज लावण्याची रीत निराळी आहे. आपल्याकडे खुला, छातीचा आवाज वरपर्यंत नेतात, तर तेथे वरचे स्वर डोक्यातल्या हलक्या आवाजाने लावतात. एकाच दिवशी दोन्हींचा जोरकस रियाझ केल्यास गळा थकतो, म्हणून दिवस वाटून घ्यावेत आणि दोन्ही गुरूंना एकमेकींची कल्पना द्यावी. (हे सांगणे विद्यार्थी टाळतात, बहुधा भीतीपोटी.) ध्वनिमुद्रणात शेवटच्या उंच स्वराच्या आधी तिचा श्वास खरखरीत ऐकू येतो. ही खरखर नेहमीची असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र एकदा दुर्बिणीने तपासून घ्यावे. नताली देसे यांच्यासारख्या अग्रगण्य कोलोरातुरा गायिकेलाही स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले होते.

सभागृहातील चाचणी झाली की मागच्या खुर्चीवर तिचे शब्द ऐकू आले की नुसता स्वर, एवढे मला अवश्य कळवावे. पुढील शिक्षकांविषयी त्यानंतरच बोलू.