फ्रेडी द पिगची पुस्तकं नऊ वर्षांच्या मुलीला द्यावीत का? सुरुवात कुठून करू?

तुमच्या मुलीला रहस्यकथांचं वेड आहे, वॉल्टर ब्रूक्सची 'फ्रेडी द पिग' ही फ्रेडी नावाच्या डुकराची मालिका आणावी असं तुमच्या मनात आहे, पण बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींसाठी ती आता मोठी झाली असं घरच्यांचं म्हणणं आहे. शिवाय पुस्तकं 26, त्यातलं पहिलं कुठलं घ्यायचं, हाही प्रश्न. माझं उत्तर: जरूर घ्या, आणि 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह'पासून सुरू करा. इथेच थांबले असते, पण ते 'मोठी झाली' वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या घरात मी ऐकलंय आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आम्ही अमेरिकेत सिराक्यूजला होतो. न्यूयॉर्क राज्यच, पण त्या प्रसिद्ध शहरापासून चांगलं चार-पाच तासांवर. गोठे, मक्याची शेतं, सफरचंदाच्या बागा आणि हिवाळाभर नुसता बर्फ. ब्रूक्स त्याच मुलखातला, 1886 साली जवळच्याच रोम नावाच्या गावात जन्मलेला. त्याच्या पुस्तकांतलं बीन दांपत्याचं शेत आणि शेजारचं सेंटरबरो गाव काल्पनिक असलं तरी आहे तिथलंच. माझ्या मुलाच्या हातात लायब्ररीतल्या बाईंनी 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह' ठेवलं. तो तेव्हा दहाचा होता. गाड्यांचे वेग आणि ग्रहांची अंतरं सोडून दुसरं काही वाचायचा नाही.

सासूबाई त्या हिवाळ्यात आमच्याकडे होत्या. त्यांचं आयुष्य मिरजेजवळच्या खेड्यात म्हशी सांभाळण्यात गेलेलं, इंग्रजीचा गंध नाही. त्यामुळे रात्री मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचे आणि लगेच मराठीत सांगायचे. मिसेस विगिन्स ही गाय आली की सासूबाई सरसावून बसायच्या. विगिन्स सारखी म्हणते की मला काही अक्कल नाही, आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेली साधी गोष्ट तीच नेमकी सांगते. फ्रेडी तिला धंद्यात भागीदार करून घेतो ते उगाच नाही.

1932 चं पुस्तक आहे. फ्रेडी शेरलॉक होम्स वाचतो आणि शेतावर गुप्तहेरगिरीचं दुकान थाटतो. एव्हरेट नावाच्या मुलाची खेळण्यातली आगगाडी चोरीला जाते. ती सायमनच्या टोळीतल्या उंदरांनी पळवलेली असते. गाडीत बसून ते कोठारातून थेट धान्याच्या पेटीपर्यंत जातात आणि पहाऱ्यावरच्या जिंक्स बोक्याचं काही चालत नाही. इथे आमचे चिरंजीव अडले. बोक्याला का जमू नये? दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याला खिडक्या कापल्या, आत खोडरबराचे तुकडे भरले आणि माझा स्वयंपाकघरातला चिमटा हा बोक्याचा पंजा. जमिनीवर पालथा पडून दोरीने खोकं ओढायचं आणि धावत्या खिडकीतून खोडरबर उचलायचं. खोकं उभं असलं की जमायचं, धावायला लागलं की चिमटा खिडकीच्या कडेवर आपटायचा. मग खिडकी मोठी करून बघितली, मग छोटी. वहीत आकडे लिहिले. एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नेमका त्याच वेळी पुण्याहून दिरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा मुलगा याच्याच वयाचा, तेव्हा अबॅकस आणि ऑलिम्पियाडच्या क्लासला जायचा. त्यांनी विचारलं काय चाललंय, मी कौतुकाने सांगितलं. तर म्हणाले, "वहिनी, दहा वर्षांचा घोडा झाला आणि अजून डुकराच्या गोष्टी? मोठा झाला आता तो. प्राणीच वाचायचे तर ऑर्वेलचं 'अॅनिमल फार्म' द्या, काही पदरात तरी पडेल." पोरगा समोरच होता. त्याने चिमटा खाली ठेवला. त्यानंतर खोकं माळ्यावर गेलं आणि रात्रीचं वाचन त्यानेच नको म्हणून सांगितलं.

काही दिवसांनी ते सासूबाईंनी पुन्हा सुरू करवलं. त्यांना तुरुंगाचं काय झालं ते हवं होतं. शेतावरचे प्राणी गुन्हेगारांसाठी तुरुंग काढतात, पण आत कैद्यांना आयतं जेवण, खेळ आणि गप्पा, काम शून्य. मग बाहेरचे प्राणी आत जायला मिळावं म्हणून मुद्दाम गुन्हे करायला लागतात. सासूबाई म्हणाल्या, "फुकटचं खायाला, वर काम न्हाई. मग चोरी कोन करनार न्हाई गं?" मुलगा म्हणाला, जेवण कमी करा. त्या म्हणाल्या, उपाशी ठेवून कोन सुधारतंय, ज्याचं चोरलं त्याच्या शेतात राबू दे. यावर दोघांचं इतकं जुंपलं की मला दिवा मालवायला उठावं लागलं. पुढे जिंक्सवर कावळा मारून खाल्ल्याचा आळ येतो, पिसं पुरावा म्हणून समोर ठेवली जातात, खटला उभा राहतो आणि फ्रेडी त्याची बाजू मांडतो. बोका आहे म्हणजे पक्षी खाल्लाच असणार, असं जवळजवळ सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. दहा वर्षांच्या मुलाला पुरावा आणि संशय यातला फरक याहून चांगला समजावता येईल असं मला वाटत नाही.

प्राणी बोलतात म्हणून गोष्ट बालिश ठरत नाही. ब्रूक्सचे प्राणी बोलत असले तरी प्राणीच राहतात. बोक्याला कुणी आरोपी केलं तर ते त्याच्या जातीवरून, कोंबडा चार्ल्स भाषणं ठोकतो ती कोंबड्याच्या तोऱ्यात. फ्रेडी आळशी आहे, घाबरट आहे, कविता करतो, वेषांतराचा भलता शौक आहे, आणि घाबरत घाबरतच तो पुढे जातो. कधीच न घाबरणाऱ्या नायकापेक्षा मुलांना हा जवळचा वाटतो. आणि माणसं? सुरुवातीच्या पुस्तकांत प्राणी आपापसांतच बोलतात. पुढे माणसांशीही बोलू लागतात, तेव्हा शेताचा मालक मिस्टर बीन, त्याला ते जरा अवघड होतं आणि तो तिथून सटकायला बघतो. मला तो फार आवडतो. (टीव्हीवरचा बोलणारा घोडा मिस्टर एड हासुद्धा ब्रूक्सच्याच कथांमधून आलेला.)

ऑर्वेलचं म्हणाल तर ते शेत 1945 चं. ब्रूक्सच्या प्राण्यांनी 1939 मध्येच स्वतःचं प्रजासत्ताक काढलं होतं, बँकही काढली होती आणि निवडणुकीला मिसेस विगिन्सला उभं केलं होतं. वॉशिंग्टनहून आलेले सुतार पक्षी तिथे सत्ता बळकावू बघतात. पुस्तकाचं नाव आता 'फ्रेडी द पॉलिटिशियन', आधीचं 'विगिन्स फॉर प्रेसिडेंट'. मतं कशी फिरवतात, ठेवी कशा जमवतात, गोड बोलणारा कधी हुकूम सोडायला लागतो, हे सगळं त्यात आहे आणि शेवटी मूल हताश होत नाही. ऑर्वेल मोठाच लेखक, पण तो पंधराव्या वर्षी वाचावा. दहाव्या वर्षी त्याच्या नावाने दुसरं पुस्तक हातातून काढून घेणं याला मी वाचनसंस्कार म्हणणार नाही. भाऊजींना हे मी तेव्हाही सांगितलं होतं, ते अजून मान्य करत नाहीत.

आता तुमच्या क्रमाच्या प्रश्नाकडे. 1927 चं पहिलं पुस्तक, जे आता 'फ्रेडी गोज टू फ्लोरिडा' या नावाने मिळतं, त्यापासून सुरू करू नका. ती प्रवासाची गोष्ट आहे, रहस्य नाही, आणि फ्रेडी त्यात बऱ्याच जणांतला एक. 'डिटेक्टिव्ह' झालं की 'फ्रेडी अँड द इग्नॉर्मस', मग 'पॉलिटिशियन', मग 'द मॅजिशियन'. 1954 आणि 55 ची मंगळवासीयांची दोन पुस्तकं मला पातळ वाटतात, विकत घेऊ नका, कुठे मिळाली तर वाचा. मधली बरीच वर्षं ही मालिका बाजारातून गायब होती. चाहत्यांनी 'फ्रेंड्स ऑफ फ्रेडी' नावाचं मंडळ काढून ती जिवंत ठेवली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ओव्हरलुक प्रेसने ती पुन्हा छापायला घेतली. जुनी प्रत घेतलीत तरी कर्ट वीझची चित्रं असलेलीच घ्या.

पुस्तकं जुनी आहेत हेही सांगायला हवं. कोंबडी हेन्रिएटा म्हणजे नवऱ्याला धारेवर धरणारी बायको, यावरचे विनोद पुन्हा पुन्हा येतात. तुमची मुलगी चिडली तर चिडू द्या, बरोबरच आहे तिचं. इंग्रजी अवघड नाही, पण वाक्यं लांब आहेत, म्हणून पहिली दोन-तीन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा. आणि घरात ज्यांना ती मोठी झाली असं वाटतंय, त्यांनाही त्याच खोलीत बसवा. तुरुंगाच्या प्रकरणापर्यंत कुणी उठून गेलं तर मला इथे जरूर कळवा.