अब्जावधी दीर्घिका असूनही रात्रीचं आकाश काळं का?

पन्हाळ्यावरून रात्री वर बघितलं तर सगळं काळंकुट्ट, मग एवढ्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, उजेड जातो कुठे, असं तुम्ही विचारलंय. 'त्या फार लांब आहेत म्हणून' हे बहुतेकांचं उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकतं हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो.

आपल्याभोवती कांद्यासारखे, सारख्या जाडीचे थर आहेत असं धरा. दुप्पट अंतरावरच्या थरातला तारा चौपट मंद दिसतो, पण त्या थरात तारेही चौपट असतात. म्हणजे लांबचा थर जवळच्याइतकाच उजेड देतो. थर संपलेच नाहीत तर उसाच्या फडात शिरल्यासारखं होईल: मान कुठेही वळवा, नजर उसावरच अडते. तशी आकाशातली प्रत्येक रेष कुठल्यातरी ताऱ्यावर अडेल आणि सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं धगधगेल. सूर्यबिंब जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. क्षितिजावरचं आकाश भरायला तशी ९० हजारांहून जास्त बिंबं लागतील! खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६१० मध्ये ही अडचण ओळखली होती, पण या कोड्याला नाव पडलं १८२३ मध्ये त्यावर लिहिणाऱ्या जर्मन खगोलशास्त्रज्ञ ऑल्बर्सचं.

ऑल्बर्सला वाटलं, मधली धूळ उजेड अडवत असेल. तेही टिकत नाही. उजेड शोषणारी धूळ तापते, आणि अनंत काळ तापली तर तीही तितकीच चमकेल.

खरं कारण आहे वेळ. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, त्यामुळे प्रकाशाला त्याहून जास्त प्रवास करायला सवडच मिळालेली नाही. तारे इतके विरळ आहेत की प्रत्येक रेष ताऱ्यावर अडायला ढोबळमानाने १ वर २३ शून्यं इतकी प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) खोल फड हवा. आपल्याला दिसतो तो फक्त बांधालगतचा तुकडा, म्हणून फटीच फटी. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विननं १९०१ मध्ये हे गणितानं मांडलं. शिवाय तारे विझतातही. एवढं आकाश उजळत ठेवायला त्यांच्यात इंधनच नाही.

विश्व प्रसरण पावतंय हे कारणही सांगतात. ताऱ्यांच्या उजेडापुरतं ते दुय्यम आहे असं माझं मत. पण त्या फटींमागे जे आहे, तिथे मात्र तेच मुख्य. विश्व ३.८ लाख वर्षांचं असताना सगळीकडे सुमारे ३००० केल्विन (हे तापमानाचं एकक) तापलेला वायू होता. त्याची चमक अजूनही प्रत्येक दिशेनं येते, फक्त तिच्या लहरी सुमारे ११०० पट ताणल्या गेल्यात. आज ती २.७ केल्विनची, मिलिमीटरभर लांबीच्या लहरींची आहे. डोळ्याला दिसत नाही. पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना ती १९६४ मध्ये रेडिओ अँटेनात सापडली. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या यायच्या, त्यांतला थोडा अंश हाच.

कोल्हापुरात रंकाळा तलावावरून आकाश राखाडी दिसतं ते शहराच्या दिव्यांमुळे, त्याचा याच्याशी संबंध नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर, चंद्र नसताना, राधानगरीकडे जा. वीसेक मिनिटं मोबाईल न बघता डोळे अंधाराला सरावू द्या आणि रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला, ऐन डोक्यावरच्या आकाशाच्या जरा खाली बघा. देवयानी दीर्घिका पुसट ठिपक्यासारखी दिसेल. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.