त्या केंद्रात खोल्या नसतात, आणि तिथे मुलाने स्वतःच जावे

ताई, सेरेब्रल पाल्सी असलेल्या तुमच्या बावीस वर्षांच्या मुलाला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वेगळे घर घेऊन राहायचे आहे. 'इंडिपेंडंट लिव्हिंग सेंटर'मध्ये त्याची सोय होईल का, आणि तिथल्या खोलीचे भाडे किती, असे तुम्ही विचारले आहे. 'आई घरात आहे ना, मग मदतनिसाचे तास कशाला?' हे काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या) कर्मचाऱ्याचे वाक्यही तुम्ही लिहिले आहे. पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात व्हीलचेअरवर, एकटा राहतो आहे आणि हेच वाक्य मीही ऐकलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठी राज्याची आरोग्य योजना) आणि एसएसआय (कमी उत्पन्नाच्या अपंगांना मिळणारे संघराज्याचे मासिक साहाय्य) यांचे अर्ज झालेले आहेत असे धरून चालतो. मी वकील नाही, आणि नियम बदलत असतात, हेही लक्षात असू द्यावे.

या केंद्रांत खोल्या नसतात. संघराज्याच्या कायद्यातल्या व्याख्येनुसारच ती अनिवासी, ना-नफा संस्था असते आणि तिच्या संचालक मंडळात व कर्मचाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण स्वतः अपंग असावे लागतात. पहिले केंद्र १९७२ साली बर्कलीत निघाले, ते एड रॉबर्ट्स आणि त्याच्या सोबत्यांच्या धडपडीतून. पोलिओमुळे मानेखाली लुळ्या पडलेल्या रॉबर्ट्सला श्वासासाठी 'आयर्न लंग' लागत असे आणि ते अवजड यंत्र कोणत्याच वसतिगृहात मावेना, म्हणून तो विद्यार्थी असताना तिथल्या विद्यापीठाने त्याला आपल्या इस्पितळात राहायला जागा दिली होती. आपल्या आयुष्याचे जाणकार आपणच, डॉक्टर किंवा नातेवाईक नव्हेत, हा त्या मंडळींचा आग्रह होता आणि केंद्रांचे काम आजही त्यावरच चालते. माहिती, समदुःखी (म्हणजे स्वतः अपंग असलेले) सल्लागार, रोजच्या व्यवहाराचे शिक्षण, हक्कांसाठी पाठपुरावा आणि नर्सिंग होममधून घरी परतण्यास मदत, या त्यांच्या मुख्य सेवा आहेत.

यांत सर्वांत मोलाचा तो सल्लागार. मला मिळालेल्या सल्लागाराची बोटे चालत नव्हती. मदतनिसाची मुलाखत घेताना 'अनुभव किती?' हे विचारूच नये, असे त्याने मला बजावले. त्याऐवजी उमेदवाराला व्हीलचेअरची पाय ठेवायची पट्टी काढायला सांगावे आणि तो आपले वाक्य संपेपर्यंत थांबतो की अर्ध्यातच हात घालतो, एवढेच पाहावे. अर्ध्यात हात घालणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी पुढे आपल्यालाच त्याच्या तंत्राने जगावे लागते. ही गोष्ट मला कोणत्याही थेरपिस्टने सांगितली नव्हती.

आता मदतनिसाचे तास ठरवणाऱ्या काउंटीच्या कार्यालयाविषयी. ते कोणत्या काउंटीचे, हे मी लिहिणार नाही. आयएचएसएस, म्हणजे सरकारी खर्चाने घरी मदतनीस देणाऱ्या योजनेत, मदतनिसाचे तास अंघोळ, कपडे, जेवण, खुर्चीत चढणे-उतरणे अशा एकेका कामाच्या मिनिटांवरून ठरतात आणि महिन्याला जास्तीत जास्त २८३ तास मिळू शकतात. माझ्या फेरमूल्यांकनाच्या दिवशी पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली माझी आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. मूल्यांकन करणाऱ्या बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिले, मला चार प्रश्न विचारले आणि स्वयंपाक, धुणे व अंघोळीतला बराच वेळ 'कुटुंबीय विनामूल्य करतात' असे लिहून कापून टाकला. कुटुंबीयाची फुकट मदत गृहीत धरायची तर त्याची स्वखुशीची लेखी संमती हवी. आईने तशी कोणतीही सही केली नव्हती. नोटीस आल्यावर मी फोन केला, तर 'अपिलात महिने जातात, वरिष्ठ तुम्हाला फोन करतील, थांबा' असे उत्तर मिळाले. तो फोन कधीच आला नाही.

थांबण्याचा तो सल्लाच मला सर्वांत महाग पडला. कपात लागू होण्याच्या तारखेपूर्वी राज्य सुनावणीची (म्हणजे काउंटीच्या निर्णयाविरुद्ध राज्याकडे अपिलाची) मागणी केली, तर निकाल लागेपर्यंत जुने तास चालू राहतात. त्यानंतर केली, तर नोटिशीपासून ९० दिवसांत अपील दाखल होते खरे, पण मधल्या काळात कापलेल्या तासांवरच भागवावे लागते. केंद्रातल्या बाईंनी हे सांगितले तोवर तारीख उलटून गेली होती. पुढे न्यायाधीशांनी तास पूर्ववत केले, पण दरम्यान माझा सर्वांत चांगला मदतनीस दुसरीकडे लागला, आणि तसा माणूस निकालपत्राने परत मिळत नाही. कार्यालयातल्या व्यक्तीला हा नियम ठाऊक नव्हता यावर माझा आजही विश्वास नाही; अर्थात हे माझे मत आहे.

म्हणून माझा आग्रह असा की मूल्यांकनाची तारीख कळताच मुलाने केंद्राला फोन करावा आणि दोन आठवडे प्रत्येक कामाला लागणारी मिनिटे, वाईट दिवसांसकट, वहीत लिहून काढावीत. आल्यागेल्यासमोर घर नीटनेटके ठेवून 'आमचं छान चाललंय' म्हणण्याची आपल्या घरांतली सवय त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी लागेल. सुनावणीआधी काउंटी बहुधा फेरतपासणीच्या अटीवर अपील मागे घेण्याचा कागद पुढे करते. तो केंद्रातल्या माणसाने वाचल्याशिवाय मुलाने सही करू नये. सुनावणीला दुभाषी मोफत मिळतो.

ओघात एक सांगतो, तुम्ही मुलाचे घरभाडे परस्पर घरमालकाला भरलेत तर त्याचे एसएसआय कमी होऊ शकते. भाडे कसे भरायचे हे घर घेण्यापूर्वीच केंद्रातल्या बेनिफिट्सच्या जाणकाराला विचारून घ्यावे.

आणि पहिली भेट मुलानेच ठरवावी. बोलायला त्याला वेळ लागत असेल, तर तिथल्या लोकांना त्याची सवय असते. तुम्ही सोबत जरूर जा, मात्र सल्लागार तुम्हाला बाहेर बसायला सांगेल तेव्हा राग मानू नका.